मेलबर्नची मेष रास

परवा होस्टेलवर धुळ्याचा मित्र पंचांग घेऊनच आला. भाचा मेलबर्नला जन्मला, ३ एप्रिलला. ताईच्या सासूबाईंना बारशाआधी पत्रिका हवी! सोबत एक इंग्रजी पुस्तक, त्यात लिहिलेलं: सूर्यरास मेष, म्हणजे वसंताचा उत्साह. अरे, पण एप्रिलात तिकडे पानगळ असते ना?

मित्रांनो, घोळ इथेच आहे. पाश्चात्त्य मेष रास ताऱ्यांवरून नाही, २१ मार्चच्या सुमाराच्या संपातबिंदूपासून मोजतात. आपली निरयन पद्धत ताऱ्यांवरून. दोन्हींत सुमारे २४ अंशांचा फरक. म्हणून त्यांचा सूर्य २२ डिसेंबरच्या आसपास मकरेत जातो, आपला १४ जानेवारीच्या.

गणित मात्र अडत नाही. आधी आम्ही धुळ्याचं, २१ अंश उत्तरेचं लग्नकोष्टक तसंच वापरलं आणि फसलो. मेलबर्न ३८ अंश दक्षिणेला. मग नाक्षत्रवेळेत १२ तास मिळवून ३८ उत्तरेच्या कोष्टकातून लग्न काढलं नि त्याच्या समोरची, सातवी रास घेतली. चंद्ररास तर गोलार्धाने बदलतच नाही.

अडतो तो अर्थ. ऋतूवरून स्वभाव सांगायचा, तर तिथल्या मेषेला तुळेचे गुण द्यायला हवेत. बहुतेक ज्योतिषी ते करत नाहीत, आणि का नाही याचं पटेल असं उत्तर मला त्या पुस्तकात सापडलं नाही.

मित्राने रात्रीच ताईला लग्न आणि चंद्ररास कळवली. स्वभावाचा रकाना कोरा ठेवला.