पेट स्कॅनमधला चमकणारा ठिपका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातला बारावीचा एक मुलगा भला मोठा लिफाफा घेऊन माझ्याकडे आला. वणीकडे राहणाऱ्या त्याच्या काकांच्या उजव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली होती. नागपूरला आधी सीटी स्कॅन आणि मग पेट स्कॅन झाले होते. (‘पेट’ म्हणजे पोटाची तपासणी, असा घरच्या मंडळींचा समज! हा हिंदी शब्द नव्हे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा तो शब्द आहे आणि त्यातला ‘प’ पॉझिट्रॉनचा.) छातीच्या मध्यभागी असलेल्या लसीका ग्रंथी सीटीमध्ये नेहमीसारख्या दिसत होत्या. पेटमध्ये मात्र त्यांतली एक चमकत होती. “सर, यांतलं खरं कोणतं?” मुलाने विचारले.

प्रश्न साधा नव्हता. रोग फुप्फुसापुरताच असेल तर शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकता येते. तो छातीच्या मध्यातील ग्रंथींत पोचला असेल तर उपचारांचा क्रमच बदलतो आणि दूरच्या अवयवांत गेला असेल तर बहुधा शस्त्रक्रियेचा विचार सोडावा लागतो. रोग किती पसरला ते ठरवणे म्हणजेच त्याची ‘पायरी’ ठरवणे.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी रोग्याभोवती फिरते. शरीरात कोठे किती किरण शोषले गेले याचा हिशेब करून संगणक आडव्या छेदाचे चित्र काढतो. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याचे असे चित्र घेतले. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि कॉर्मॅक यांना मिळून मिळाले. पण हे चित्र घनतेचे व आकाराचे. ग्रंथीची लहान बाजू १० मिलिमीटरपेक्षा मोठी असली की संशय घ्यायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडच्या कापूसवाल्यांना यातली मेख लगेच कळेल. बोंड बाहेरून धडधाकट दिसते आणि आत गुलाबी अळी बसलेली असते! तशीच ६ मिलिमीटरच्या ग्रंथीत कर्कपेशी असू शकतात आणि १५ मिलिमीटरची ग्रंथी निव्वळ जुन्या संसर्गाने सुजलेली असू शकते.

पेट स्कॅन आकार विचारीत नाही. साखर कोण जास्त खाते, हे विचारतो. कर्कपेशी ग्लुकोज अधाशीपणे घेतात. म्हणून ग्लुकोजसारख्या एका रेणूला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून तो शिरेतून देतात. पेशी तो आत घेते, पण पुरता पचवू शकत नाही. तो तिथेच अडकून बसतो. फ्लोरीनच्या अणुकेंद्रातून पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो. जेमतेम मिलिमीटरभर जातो न जातो तोच त्याला साधा इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात! उरतात ते दोन गॅमा किरण, प्रत्येकी ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे. ऊर्जा = वस्तुमान × प्रकाशवेगाचा वर्ग, या सूत्रात इलेक्ट्रॉनचे वस्तुमान घालून पाहा; हेच उत्तर येईल. संवेग अक्षय्य राहायचा म्हणून हे दोन किरण एकमेकांच्या नेमक्या उलट दिशांना धावतात. रोग्याभोवतीच्या कड्यातील समोरासमोरच्या दोन शोधकांवर ते एकाच वेळी आदळले, की उगम त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर आहे हे समजते. अशा लाखो रेषांवरून चित्र तयार होते.

फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. मुंबईहून मोटारीने यवतमाळला यायला बारा तास धरले, तर शंभरातला जेमतेम एक भाग उरेल! म्हणून हे द्रव्य बनवणारे सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. भारतात पेट स्कॅनची सुरुवात २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. दोन वर्षांनी शेजारच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट आणि सीटी एकत्र असलेले यंत्र आले. आकार आणि चमक एकाच चित्रात दिसू लागली.

मग पेटच श्रेष्ठ का? २०१३ च्या एका अमेरिकी वैद्यकीय मार्गदर्शिकेत अनेक अभ्यासांचा मेळ घातलेला आहे. छातीच्या मध्यातील ग्रंथींत रोग असलेल्या १०० रोग्यांपैकी सीटीने सुमारे ५५ ओळखले, पेटने सुमारे ८०. पण रोग तिथे नसलेल्या १०० जणांपैकी पेटने सुमारे १२ जणांवर उगाच संशय घेतला. आपल्याकडे तर क्षयरोग आहे. क्षयजंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही भरपूर ग्लुकोज खातात, त्यामुळे क्षयाची ग्रंथीही तशीच चमकते. यंत्राला दोहोंतला भेद कळत नाही. मेंदूच्या बाबतीत पेटची आणखीच पंचाईत होते. मेंदू स्वतःच इतके ग्लुकोज वापरतो की त्या लखलखाटात लहान ठिपका हरवतो. तिथे एमआरआय बरा.

म्हणून त्या मुलाला मी म्हटले, “चित्राने जागा दाखवली, आता तिथली पेशी पाहायला हवी.” डॉक्टरांचे मत तेच होते. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, ध्वनिलहरींच्या चित्रात पाहत, त्या ग्रंथीत बारीक सुई टोचली. सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी दिसल्या नाहीत, क्षयाच्या खुणा दिसल्या. काकांनी तरुणपणी क्षयाची औषधे घेतली होती, हे घरात तेव्हा कुठे कोणाला आठवले! पुढच्या महिन्यात त्यांच्या फुप्फुसातील गाठ शस्त्रक्रियेने काढली.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. पेट स्कॅननंतर काही तास लहान मुलांना जवळ घेऊ नये, असे रोग्याला सांगतात. काकांना सकाळी ९ वाजता इंजेक्शन दिले होते. त्यातील फ्लोरीन-१८ चा सोळावा भाग किती वाजता उरला असेल? लघवीवाटे गेलेला भाग हिशेबात धरू नका.