विणकाम म्हणताच नाक मुरडणाऱ्या पालकांसाठी

बारावीचा निकाल लागून सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की मार्गदर्शकांपुढे दरवर्षी तेच दोन प्रश्न ठेवले जातात: संगणक शाखा मिळत नसेल तर ती व्यवस्थापन कोट्यातून घ्यावी काय, आणि तेवढे पैसे नसतील तर मुलाला आणखी एक वर्ष घरी बसवून परीक्षेची तयारी करवून घ्यावी काय. दोन्हींचे उत्तर बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘नाही’ असेच आहे, कारण ज्या शाखेच्या जागा महाविद्यालये वाढवीतच सुटली आहेत त्या शाखेची पदवी कर्ज काढून मिळवल्याने विद्यार्थी गर्दीतून वेगळा होत नाही, तो त्या गर्दीत महाग किमतीला उभा राहतो. वैद्यकीय, विधी, सनदी लेखापाल या वाटांची माहिती घरोघरी तोंडपाठ असते, त्यामुळे त्यांचा विस्तार येथे अनावश्यक आहे. उलट, मैदानी खेळांसाठी ताणले जाणारे आणि अंधारात उजळणारे होजिअरी कपडे तयार करणे या कामाचा विचार एकाही घरात होत नाही, म्हणून त्याची चर्चा तपशिलाने करणे योग्य ठरेल.

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद दोन भिन्न क्रियांसाठी वापरले जात असल्यामुळे या क्षेत्राविषयीचा पहिला गैरसमज भाषेतूनच उद्भवतो. सोलापुरी चादरीप्रमाणे मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांत गुंतवणे हे एक विणकाम. आणि स्वेटरप्रमाणे धाग्याचा फास, म्हणजे टाका, आधीच्या टाक्यातून ओढून काढत जाणे हे दुसरे, ज्याला उद्योगात निटिंग किंवा होजिअरी म्हणतात. पहिल्यात धागे जवळजवळ सरळ असल्याने कापड फारसे ताणले जात नाही, तर दुसऱ्यात प्रत्येक टाका वळलेला असल्यामुळे ओढ बसताच तो आकार बदलतो. स्वेटरच्या मनगटाला ‘एक सुलट, एक उलट’ घालणाऱ्या आजीला हा गुणधर्म कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय ठाऊक असतो. १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला स्पँडेक्स, जो लायक्रा या नावाने ओळखला जातो, मूळ धाग्याच्या जोडीने विणला जाऊ लागल्यावर ताणलेले कापड पुन्हा मापावर येऊ लागले, आणि म्हणूनच धावपटूचा कपडा शरीराच्या मापापेक्षा मुद्दाम लहान बेतता येतो.

परावर्तक कपड्याचे तत्त्व याहून वेगळे आहे. फ्लोरोसंट पोपटी किंवा नारिंगी रंग दिवसा आणि संधिप्रकाशात डोळ्यांत भरतो, परंतु रात्री वाहनाच्या दिव्यापुढे त्याचा विशेष उपयोग होत नाही. तेथे लागतात ते काचेचे अतिसूक्ष्म गोल मणी, ज्यांच्या मागील अर्ध्या भागाला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो आणि जे प्रकाश जिकडून आला त्याच दिशेने परत पाठवतात, त्यामुळे दिव्याच्या मागे बसलेल्या चालकाला तो कपडा चमकताना दिसतो. अडचण अशी की हे मणी धरून ठेवणारी पट्टी ताणली जात नाही. ती तंग कपड्यावर सलग शिवली तर गुडघा वाकताच टाके तुटतात किंवा पट्टीला भेगा पडतात, शिवाय तिच्याखाली घाम साचतो. यावर दोन उपाय प्रचलित आहेत: पट्टी लहान तुकड्यांच्या नक्षीत उष्णतेने चिकटवणे, म्हणजे तुकड्यांमधले कापड ताणण्यास मोकळे राहते; अथवा परावर्तक थराच्या अरुंद फिती कापून केलेला धागा कापडातच विणणे. तो धागा ताठर असल्यामुळे टाक्याच्या वळणात तुटू शकतो, म्हणून तो अनेकदा टाके न घालता त्यांच्यामधून आडवा सरकवला जातो. मग तो कोठे सरकवावा, कापडाची लवचीकता त्याने किती कमी होईल आणि किती धुलाईनंतर चमक उतरेल, हे ठरवणे हेच या क्षेत्रातील डिझायनरचे काम आहे.

पट्टी कोठे असावी याचेही शास्त्र आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ साली दाखवून दिले की अंधारात केवळ सांध्यांवरचे काही प्रकाशबिंदू हलताना दिसले तरी पाहणाऱ्याला चालणारा माणूस क्षणार्धात ओळखता येतो. त्यामुळे छातीवरच्या रुंद पट्ट्यापेक्षा घोटा, गुडघा आणि मनगट यांवरच्या बारीक पट्ट्या चालकाला ‘हा माणूस आहे’ हे लवकर सांगतात. बीआरएम नावाच्या, २०० किलोमीटरपासून पुढच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्यांत रात्री परावर्तक जाकीट सक्तीचे असते, आणि तरीही बरेच सायकलस्वार रस्त्यावरच्या मजुराला देतात तसे वाऱ्याने फडफडणारे जाकीट घालतात, यावरून या कामाला किती वाव आहे याचा अंदाज यावा.

शिक्षणाची सोय दूर नाही. इचलकरंजीचे डीकेटीई, माटुंग्याचे व्हीजेटीआय आणि नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी महाविद्यालय येथे वस्त्र अभियांत्रिकी शिकवली जाते. खारघरच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत (निफ्ट) निटवेअर डिझाइनची चार वर्षांची पदवी आहे, जिला कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी स्वतंत्र प्रवेश परीक्षेद्वारे जाऊ शकतो. आणि क्रीडावस्त्रांचे केंद्रीय उत्कृष्टता केंद्र ठाण्याच्या वूल रिसर्च असोसिएशनमध्ये आहे. मात्र रॅम्पची छायाचित्रे छापून लाखोंचे शुल्क घेणाऱ्या खाजगी फॅशन संस्थेत निटिंगचे यंत्र चालू स्थितीत आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष पाहावे. नसेल तर परत फिरावे.

खरा अडसर पालकांच्या मनात असतो. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील गिरण्या ज्या रीतीने संपल्या, त्याची झळ ज्या घरांना लागली तेथे ‘कापडात काही राहिले नाही’ हे वाक्य वारशासारखे पुढच्या पिढीला मिळाले, आणि ते समजण्याजोगे आहे. परंतु तो अंत मुख्यतः मागावरच्या सुती कापडाच्या गिरण्यांचा होता, आणि त्याच देशात तिरुप्पूर व लुधियाना येथे होजिअरीचा धंदा वाढत गेला. त्या दुःखाच्या आधारे नातवाची शाखा ठरवणे, किंवा ‘इंजिनिअर होऊन शिंपीकाम करणार का’ असे विचारून त्याला गप्प करणे, याला काळजी म्हणता येत नाही. या क्षेत्रातील सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रातील चांगल्या नोकरीपेक्षा कमी असतो, पहिली काही वर्षे यंत्रांच्या आवाजात आणि बहुधा महाराष्ट्राबाहेर काढावी लागतात, आणि ज्याला हाताने कापड उसवून पाहण्याची हौस नाही त्याने इकडे येऊच नये; पण हा निर्णय त्याचा त्याला घेता आला पाहिजे.

पसंतीक्रमाचा अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने भरला जातो आणि त्याचा ओटीपी बहुतेक घरांत वडिलांच्या मोबाइलवर येतो. यंदा अर्जात मोबाइल क्रमांक विद्यार्थ्याचा स्वतःचा द्यावा.