संकेतस्थळाला स्वतंत्र खिडकी : लहान लॅपटॉपचा गावपातळीवरील उपयोग

इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव दोन गोष्टींमुळे जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. आषाढी वारीत बारामतीहून पुढे निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी येथे मुक्कामास असते, आणि गावालगत भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. अशा बागायती गावात पीककर्ज, वारसनोंद, दाखले यांसाठी कागदपत्रांची निकड वर्षभर असते. हे कागद मिळण्याचे ठिकाण आता संगणकाचा पडदा झाले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ साली महाराष्ट्रदिनी उपलब्ध झाला. त्यापूर्वी, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला होता. ग्रामपंचायतींच्या हिशेबासाठी 'ई-ग्रामस्वराज' २०२० पासून आहे, तर शिक्षकांसाठी 'दीक्षा' आहे. ही सर्व संकेतस्थळे होत. कार्यालयातील किंवा शाळेतील साधन मात्र पुष्कळदा एकच, आणि तेही कमी स्मरणशक्तीचा हलका लॅपटॉप असते. या साधनाचा नीटनेटका उपयोग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ही सोय कोणती?

संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडले की ते इतर अनेक पानांच्या गर्दीत बसते. तेच संकेतस्थळ स्वतंत्र अ‍ॅपप्रमाणे ठेवता येते. मग त्याचे चिन्ह पडद्यावर येते आणि त्यावर क्लिक करताच ते आपल्या वेगळ्या खिडकीत उघडते. ही कल्पना अगदी नवी नाही. २०११ साली बाजारात आलेल्या क्रोमबुक या हलक्या लॅपटॉपची उभारणीच ब्राउझरवर झाली होती. पुढे २०१५ साली फ्रान्सिस बेरीमन आणि अ‍ॅलेक्स रसेल यांनी अशा संकेतस्थळांना 'प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप' हे नाव दिले.

कृती सोपी आहे. क्रोम ब्राउझरमध्ये इच्छित संकेतस्थळ उघडावे. उजवीकडे वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर क्लिक करून 'कास्ट, सेव्ह अँड शेअर' हा पर्याय घ्यावा व त्यातील 'इन्स्टॉल पेज अ‍ॅज अ‍ॅप' निवडावे. एज ब्राउझरमध्ये हीच सोय तीन टिंबांखाली 'अ‍ॅप्स' या नावाने आढळते. ब्राउझरच्या आवृत्तीप्रमाणे शब्दांत थोडा फरक पडू शकतो.

लाभ आणि मर्यादा

अशा अ‍ॅपला डिस्कवर अत्यल्प जागा लागते, कारण ते लॅपटॉपमध्ये असलेल्याच ब्राउझरचे यंत्र वापरते. वेगळे उतरवून घेतलेले काही अ‍ॅप तेच यंत्र स्वतःबरोबर पुन्हा आणतात आणि जागा अडवतात. दुसरा लाभ शिस्तीचा. सातबाऱ्याचे काम सातबाऱ्याच्या खिडकीत आणि पंचायतीचे काम तिच्या खिडकीत राहते. समोर माणूस ताटकळत असताना पाने धुंडाळावी लागत नाहीत.

तथापि, गैरसमज नसावा. खिडकी वेगळी झाली म्हणून लॅपटॉप वेगवान होत नाही. उघडलेले प्रत्येक संकेतस्थळ स्मरणशक्ती वापरतेच. म्हणून काम संपलेली खिडकी बंद करावी. तसेच चिन्ह पडद्यावर आले म्हणजे माहिती लॅपटॉपमध्ये आली असे नव्हे. बहुसंख्य शासकीय सेवांना इंटरनेट जोडणी आवश्यकच असते.

पत्ता पाहावा, मगच चिन्ह ठेवावे

या सोयीतील सर्वांत महत्त्वाची बाब पत्त्याची आहे. स्वतंत्र खिडकीत पत्त्याची पट्टी दिसत नाही. शोधयंत्रातून योगायोगाने सापडलेल्या नकली पानाचे चिन्ह एकदा ठेवले गेले, तर पुढे येणारा प्रत्येक नागरिक त्याच पानावर आपला मोबाइल क्रमांक व पैसे देत राहील, आणि चूक कोणाच्या ध्यानीही येणार नाही. उलट, जबाबदार व्यक्तीने पत्ता तपासून योग्य चिन्ह ठेवले, तर रोज पत्ता लिहिण्यातील चूक टळते व सर्वांना संरक्षण मिळते.

तपासणीची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'जीओव्ही डॉट इन' ही अखेर असलेले पत्ते केवळ शासकीय यंत्रणांनाच मिळतात. हे शब्द संकेतस्थळाच्या नावाच्या अगदी शेवटी असावेत. मध्येच असून चालत नाही. क्रोमच्या अशा खिडकीतून मूळ संकेतस्थळाबाहेरील पान उघडले, उदाहरणार्थ शुल्क भरण्याचे, तर वरच्या बाजूस पत्ता पुन्हा दिसू लागतो. तेथे क्षणभर थांबून तो वाचावा.

दुसऱ्याचा कागद, आपली जबाबदारी

स्वतंत्र खिडकी दिसायला वेगळी असली तरी तिचे प्रवेशखाते ब्राउझरशी सामाईक असते. ती बंद केल्याने खाते बंद होतेच असे नाही. 'लॉगआउट' करणे आवश्यक आहे. दोन कर्मचारी एकच लॅपटॉप वापरत असल्यास प्रत्येकाने ब्राउझरमध्ये आपले स्वतंत्र प्रोफाइल ठेवावे. नागरिकांसाठी उतरवून घेतलेले उतारे व दाखले 'डाउनलोड्स'मध्ये साठून राहतात. छपाई झाल्यावर ते काढून टाकावेत. संकेतशब्दाची चिठ्ठी लॅपटॉपवर चिकटवू नये.

ग्रामसेवक, मुख्याध्यापक किंवा केंद्रचालक यांनी एक दिवस ठरवून आवश्यक संकेतस्थळांची यादी करावी, प्रत्येकाचा पत्ता दोघांनी मिळून वाचावा आणि तेवढीच चिन्हे पडद्यावर ठेवावीत. अनावश्यक चिन्ह त्याच खिडकीच्या तीन टिंबांतून काढता येते. या कामास खर्च नाही, नवे यंत्रही लागत नाही. कर्जाच्या मुदतीपूर्वी उतारा घेण्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला त्यामुळे खरा कागद वेळेवर मिळेल, आणि त्याचा क्रमांक व पैसा परक्या हाती पडणार नाही.