इंग्रजी क्रियापदानंतर ‘टु’ की ‘इंग’?

राज्याचा कारभार मराठीतून चालत असला, तरी केंद्र शासन, उच्च न्यायालय आणि परराज्यांतील संस्था यांच्याशी होणाऱ्या व्यवहारात इंग्रजीचे साहाय्य घ्यावे लागते. 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला आहे. त्यामुळे या भाषेतील बारकावे शिक्षकांना व कार्यालयीन कर्मचाऱ्यांना सारखेच उपयोगी पडतात. क्रियापदानंतर येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदाचे रूप हा असाच एक बारकावा होय.

हे रूप दोन प्रकारचे असते. ‘टु रीड’ हे ‘इन्फिनिटिव्ह’ आणि ‘रीडिंग’ हे ‘जेरंड’, म्हणजे धातुसाधित नाम. मराठीत ‘वाचण्याचे ठरविले’ आणि ‘वाचण्याचे टाळले’ या दोन्ही वाक्यांत ‘वाचणे’ हे एकच रूप चालते. इंग्रजीत मात्र ‘डिसायडेड टु रीड’ आणि ‘अव्हॉइडेड रीडिंग’ असा भेद करावा लागतो. मराठी भाषकाची चूक बहुधा येथेच होते.

ठरावीक क्रियापदे

‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘अ‍ॅग्री’, ‘रिफ्यूज’ यांच्यानंतर ‘टु’ येते. ‘एंजॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’, ‘सजेस्ट’ यांच्यानंतर ‘इंग’ येते. म्हणून ‘ही सजेस्टेड टु पोस्टपोन द मीटिंग’ हे वाक्य अशुद्ध ठरते. ‘ही सजेस्टेड पोस्टपोनिंग द मीटिंग’ हे शुद्ध होय. ‘टु’ चा ओढा पुढे घडावयाच्या क्रियेकडे आणि ‘इंग’ चा घडलेल्या किंवा चालू क्रियेकडे असतो, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. परंतु तो केवळ कल आहे, नियम नव्हे. ‘सजेस्ट’ हेच त्याला अपवाद आहे. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांच्यानंतर दोन्ही रूपे चालतात व अर्थात विशेष फरक पडत नाही.

जेथे अर्थ बदलतो

काही क्रियापदांनंतर दोन्ही रूपे शुद्ध असतात. पण अर्थ वेगळे होतात. ‘रिमेंबर टु सेंड द रिपोर्ट’ म्हणजे अहवाल पाठविण्याचे लक्षात ठेवा. ‘आय रिमेंबर सेंडिंग द रिपोर्ट’ म्हणजे अहवाल पाठविल्याचे मला आठवते. पहिल्या वाक्यात अहवाल पाठवावयाचा आहे, दुसऱ्यात तो रवाना झालेला आहे. ‘फर्गेट टु साइन’ म्हणजे सही करावयास विसरणे. ‘फर्गेट साइनिंग’ म्हणजे सही केल्याचे विसरणे.

‘स्टॉप्ड टु रीड द नोटीस’ म्हणजे सूचना वाचण्यासाठी थांबला; ‘स्टॉप्ड रीडिंग द नोटीस’ म्हणजे ती वाचावयाचे थांबविले. पाणीपुरवठ्याच्या कामात ‘ट्राय टु ओपन द व्हॉल्व्ह’ असे लिहिल्यास व्हॉल्व्ह उघडण्याचा प्रयत्न करा, असा अर्थ होतो. कदाचित तो उघडणारही नाही. ‘ट्राय ओपनिंग द व्हॉल्व्ह’ म्हणजे तो उघडून पाहा, त्याने काम होते का ते कळेल.

कार्यालयीन पत्रात सर्वांत जपावे ते ‘रिग्रेट’ या क्रियापदाला. ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ म्हणजे कळविण्यास खेद वाटतो. ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ असे लिहिल्यास कळविल्याचा पश्चात्ताप होतो, असा अर्थ निघेल आणि अर्जदार बुचकळ्यात पडेल.

आणखी एक फसवे स्थळ आहे. पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘लुकिंग फॉरवर्ड टु’ मधील ‘टु’ हे शब्दयोगी अव्यय आहे. म्हणून त्यापुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग यू’ येते.

वर्गात काय करावे?

वरील जोड्यांतील मराठी वाक्ये पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ‘पाठविण्याचे’ आणि ‘पाठविल्याचे’, ‘करावयास’ आणि ‘केल्याचे’, ‘उघडण्याचा प्रयत्न’ आणि ‘उघडून पाहणे’ हा भेद मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच जाणते. शिक्षकाने तो आधी मराठीत वदवून घ्यावा व मग इंग्रजी रूप जोडून द्यावे. ठरावीक क्रियापदांच्या बाबतीत मात्र पाठांतराला पर्याय नाही. तेथे सुटा शब्द न देता ‘डिसाइड टु गो’, ‘अव्हॉइड गोइंग’ अशा जोड्याच द्याव्यात. मातृभाषेतील जाणीव अशी हाताशी घेतली, तर व्याकरणाचा हा अवघड वाटणारा भाग पुष्कळसा सोपा होतो.