मॅगझीन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं होत नाही

निवडणुकीची आचारसंहिता लागली की धाराशिव जिल्ह्यातली परवान्याची बरीच हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात. नोकरीत असताना ती तपासून घेण्याचं काम माझ्याकडे असे. तुळजापूरकडच्या एका ठेकेदारानं कमरेचं पिस्तूल काढलं, मॅगझीन बाजूला ठेवली आणि म्हणाला, "रिकामं हाय, साहेब." मी नळी वाळूच्या बादलीकडे धरून स्लाइड मागे ओढली. पितळी राऊंड उडून टणकन फरशीवर पडला. त्याचा चेहरा उतरला.

मॅगझीन काढली तरी चेंबरमधली गोळी जागेवरच असते. म्हणून आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड ओढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. क्रम उलटा केलात, तर मॅगझीनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये चढते.

रिव्हॉल्व्हरचा धोका वेगळा. 1 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरना घोडा अडवणारी सोय नसते. घोडा आपटला की गोळी सुटू शकते. अशा हत्यारात घोड्याखालचं घर रिकामंच ठेवा.

माझं स्पष्ट मत असं, की नियमित सराव नसलेल्यानं गोळी चढवून हिंडू नये. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे आणि ज्याचा हात बसलेला आहे, त्यानंही त्याच पिस्तुलाच्या मापाचं, चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर वापरावं. नुसतं कमरेला खोचणं किंवा खिशात किल्ल्यांबरोबर टाकणं बंद करा. होल्स्टरमध्ये घालताना घाई नको. बोट चापाबाहेर ठेवा, शर्टाचं टोक आत अडकत नाही ना, ते पाहा. सेफ्टी लावा, पण तिच्या भरवशावर हयगय करू नका. पिस्तूल हातातून निसटलंच, तर झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं चापावर पडतं.

कायदाही ध्यानात ठेवा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात आणि पूर्ण झाकलेलं हवं. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत ते नेलंत तर परवाना रद्द होऊ शकतो. वरातीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातलात, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घरी आल्यावर हत्यार रिकामं करून कुलपात ठेवा, राऊंड वेगळे ठेवा, किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका. कुणाला दाखवायची वेळ आली, तर चेंबर उघडं करूनच हातात द्या. आणि कुणाकडून घेताना स्वतः तपासून घ्या, मग देणारा सख्खा भाऊ का असेना.