दाणा कसा वाढतो? अंतराळातला धडा आणि आपला ऊस



कारखाना बघायला आलेली शाळेची पोरं पॅनपाशी हमखास विचारतात, "साखरेचा दाणा होतो कसा?" त्याचे उत्तर या अंकात आम्ही जरा लांबून, अंतराळातून देत आहोत.

घट्ट पाकात बारीक दाण्याचे बी सोडले की पाकातली साखर त्यावर थराथराने बसते. दाण्यालगतच्या पाकातली साखर अशी कमी झाली की तो पाक हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या जागी घट्ट पाक येतो. हा प्रवाह वजनामुळे चालतो. वजनच नसेल तर? दोर तुटून विहिरीत पडणारी बादली आठवा. ती पडत असेतो आतल्या पाण्याचा भार बादलीवर येत नाही. अंतराळयान पृथ्वीभोवती असेच सतत पडत असते. तिथे प्रवाह जवळजवळ थांबतो, स्फटिक सावकाश वाढतो, पण पुष्कळदा जास्त निर्दोष होतो.

आपल्या इस्रोची एसआरई-१ ही कुपी १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून गेली व २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. धातू वितळवून त्याचे स्फटिक करण्याचा प्रयोग तिच्यात होता. अमेरिकेत २०११ पासून शाळकरी मुलांचे प्रयोगही छोट्या बंद नळ्यांत वर जातात. त्यांत स्फटिकांचेही असतात. एक नळी वर, अगदी तशीच दुसरी जमिनीवर. मग दोन्ही ताडून बघायच्या.

अशी जोडी घरीही जमते. एक वाटी पाण्यात तीन वाट्या साखर मोठ्यांनी उकळून विरघळवावी. पाक दोन ग्लासांत ओतून एकात थोडा गूळ घालावा. निवल्यावर साखरेचे कण चिकटवलेला दोरा दोन्हींत सोडावा, वर फडके बांधावे. आठ-दहा दिवसांनी पोरांनाच विचारा, कुठली खडीसाखर चांगली वाढली? गुळातली इतर द्रव्ये दाण्याला आडवी येतात.

आता आपली गोष्ट. कारखान्यात वजन नाहीसे करता येत नाही. उलट मळी वेगळी काढायला फिरत्या यंत्रात भार शेकडो पटींनी वाढवावा लागतो. पण दाण्याची आडकाठी शेतातच टाळता येते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर घटते, जंतू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. मग पाक चिकटतो, दाणा लांबट होतो, मळीत जादा साखर जाते आणि उतारा पडतो. उसाचा दर उताऱ्यावर ठरतो, म्हणजे नुकसान आपल्या सगळ्यांचेच.

म्हणून ऊस पाचट काढून स्वच्छ आणि तोडणीनंतर २४ तासांच्या आत काट्यावर आणा. चांगल्या दाण्याची सुरुवात पॅनमध्ये नव्हे, आपल्या बांधावर होते.