केळव्यात पिकअपचं हौसिंग ऑईल बदलायचं तर खर्च किती?

इंजिनचं ऑईल बदलायला कुणाला सांगावं लागत नाही. किलोमीटर भरले की माणूस आपणहून गाडी गॅरेजला नेतो. मागच्या चाकांमधल्या फुगीर लोखंडी हौसिंगकडे मात्र आवाज येईपर्यंत कुणी वळून पाहत नाही, आणि आवाज आला म्हणजे आतल्या दातांची झीज झालेली असते. या हौसिंगमध्ये डिफरन्शियल असतं. क्राऊन आणि पिनियन ही दात्यांची जोडी इंजिनची ताकद काटकोनात वळवून चाकांना देते, आणि वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरू शकतं ते डिफरन्शियलमुळेच. हे सगळं जेमतेम दोन-अडीच लिटर ऑईलवर चालतं. ते ऑईल बदलायला हजार-दोन हजार रुपये लागतात. क्राऊन-पिनियनचा संच, बेअरिंगं, सीलं आणि मजुरी धरली तर तेच काम पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातं. शिवाय गाडी दोन-चार दिवस उभी राहते आणि त्या दिवसांचं भाडंही बुडतं.

केळवे, माहीम, सातपाटी या पट्ट्यातल्या गाड्यांना हे ऑईल देशावरच्या गाड्यांपेक्षा आधी बदलावं लागतं. बोलेरो पिकअप असो, टाटा योद्धा असो की अशोक लेलँडचा दोस्त, या गाड्यांना ताकद मागच्या चाकांना मिळते, म्हणजे मालाचं वजनही तिथेच आणि ताणही तिथेच. वाडीतले नारळ, पानं, भाजी किंवा बर्फातली मासळी भरून गाडी पालघरमार्गे वाघोबा खिंड चढते आणि मस्तान नाक्याला हायवेला लागते, तेव्हा हौसिंग हात लावता येणार नाही इतकं तापतं. तेच गरम हौसिंग पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात किंवा खाडीकाठच्या चिखलात बुडालं की एकदम थंड होतं. आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून आत ओढलं जातं. ब्रीदर म्हणजे हौसिंगच्या वर बसवलेली हवेची बारीक नळी. ती चिखलाने बुजली असेल तर आणखी वाईट. गाडी तापल्यावर आतल्या दाबाला वाट मिळत नाही आणि ऑईल सीलमधून बाहेर येतं.

मासळीच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून थेट एक्सलवर गळत राहतं. ड्रेन प्लग आणि फिलर प्लग त्याने इतके गंजतात की पाना लावला की कडाच सोलवटतात. ज्यांची गाडी सातपाटीच्या बंदरावर उभी राहते त्यांनी आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवावं. त्याला पैसा लागत नाही.

कधी बदलायचं? आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आहे आणि तो प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. पुस्तिकेत खडतर वापरासाठी कमी अंतर दिलेलं असतं. इथल्या मालवाहू पिकअपनं तेच आपलं अंतर समजावं, कारण जादा भार, पाणी, चिखल आणि घाट, चारही गोष्टी इथे आहेत. किलोमीटर भरले नसले तरी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा फिलर प्लग उघडून आतलं ऑईल पाहावं. बोटाला लागलेलं ऑईल मधासारखं किंवा काळपट असेल तर ठीक. दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर पाणी गेलं आहे. मग किलोमीटर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात बदला. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ज्यांच्या गाड्या उभ्या राहतात त्यांनी ही तपासणी मे अखेरीस करावी. पाणी मिसळलेलं ऑईल घेऊन गाडी दोन महिने उभी राहिली तर बेअरिंगवर गंजाचे डाग पडतात, आणि ते नंतर कोणत्याही ऑईलने जात नाहीत.

कोणतं ऑईल, आणि कशासाठी

गॅरेजमध्ये ‘नव्वद नंबर’ म्हटलं की डबा पुढे येतो. नव्वद हा फक्त घट्टपणाचा नंबर. डब्यावर आणखी एक गोष्ट वाचायची असते: जीएल-४ की जीएल-५. क्राऊनचे दात पिनियनच्या दातांवर नुसते टेकून फिरत नाहीत, ते एकमेकांवरून घसरतही जातात. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो, त्याला हायपॉइड रचना म्हणतात. त्या घसरण्याच्या दाबाखाली साधं ऑईल पिळून निघून जातं. म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेलं ईपी ऑईल लागतं. दाब आणि उष्णता वाढली की ती संयुगं धातूवर पातळ संरक्षक थर धरतात. जीएल-५ मध्ये ती जास्त असतात. डबा उघडल्यावर येणारा तो उग्र वास त्याचाच.

मालवाहू पिकअपच्या हायपॉइड एक्सलला बहुधा जीएल-५ चं ८० डब्ल्यू ९० किंवा ९० सांगितलेलं असतं, तरी पुस्तिका पाहूनच घ्या. आपल्याकडे थंडी अशी पडत नाही की ८० डब्ल्यूमुळे फार फरक पडावा, त्यामुळे पुस्तिकेत दोन्ही चालत असतील तर जे ताजं मिळेल ते घ्यावं. मात्र उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका. गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात आणि अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ च लागतं. आवाज दाबायला १४० नंबर घालण्याचा सल्लाही ऐकू नका. घट्ट ऑईलने आवाज काही दिवस कमी होतो, झीज मात्र चालूच राहते. आवाज येतो आहे म्हणजे मेस्त्रीला हौसिंग उघडायला सांगायची वेळ आली आहे.

नावाजलेल्या कंपनीचं जीएल-५ आज लिटरला साधारण ३५० ते ४५० रुपयांना पडतं. पाच लिटरचा कॅन घेतला तर लिटरमागे थोडं स्वस्त. वंगणावर १८ टक्के जीएसटी आहे आणि डब्यावरच्या छापील किमतीत तो धरलेला असतो, तेव्हा वेगळा कर मागितला तर देऊ नका. ऑईल शक्यतो कंपनीच्या पेट्रोल पंपावरून किंवा पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. झाकणाचं सील, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख तिथेच पाहा. बॅरलमधून काढलेलं सुटं ऑईल पन्नास-शंभर रुपये वाचवतं, पण ते कोणत्या प्रतीचं आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता हिशोब. अडीच लिटर बसणारी गाडी धरू. एकेक लिटरचे तीन डबे साधारण बाराशे रुपये. प्लगचे दोन तांब्याचे वायसर तीस-चाळीस, पुसायला वेस्ट आणि धुवायला थोडं डिझेल मिळून शंभर. म्हणजे माल तेराशे-साडेतेराशेचा. माहीमच्या किंवा पालघरच्या साध्या गॅरेजमध्ये मजुरी अडीचशे ते चारशे, एकूण सोळा-सतराशे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी आणि त्यावरचा कर धरून हाच आकडा दोन हजारांच्या घरात किंवा वर जातो. हे अंदाजाचे आकडे आहेत. आधी फोन करून दर विचारा, आणि ऑईल स्वतः आणलं तर फक्त मजुरीत काम करतात का तेही विचारा. बहुतेक छोटे मेस्त्री करतात.

घरी केलं तर ही मजुरी वाचते. केळव्याहून पालघरला जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटरचं दोन-अडीचशे रुपयांचं डिझेलही वाचतं. त्याहून मोठं म्हणजे अर्धा दिवस वाचतो. पण पहिल्यांदा हत्यारं लागतात. प्लगला बसणारं सॉकेट आणि लांब दांड्याचा पाना सहाशे ते हजार, ऑईल भरायचा हातपंप पाचशे ते आठशे, खाली ठेवायचा पसरट ट्रे दोन-तीनशे. दीड-दोन हजारांची ही गुंतवणूक तीन-चार वेळा ऑईल बदलल्याशिवाय वसूल होत नाही. त्यामुळे एकच गाडी असेल आणि घरात हत्यारं नसतील तर सरळ गॅरेजला जा, ऑईल मात्र आपल्या डोळ्यांदेखत बदलून घ्या. भावाभावांच्या मिळून दोन-तीन गाड्या असतील, किंवा आळीतले चार गाडीवाले एक पंप आणि एक सॉकेट सामाईक घेणार असतील, तर घरी करणंच फायद्याचं. गाडी वॉरंटीत असेल तर पैशांचा विचार न करता अधिकृत सेंटरला न्या आणि बिल जपून ठेवा.

काम कसं करायचं

गाडी दहा-बारा किलोमीटर चालवून आणा. गरम ऑईल पातळ होतं, आणि तळाशी बसलेली घाण त्याच्याबरोबर बाहेर येते. मग गाडी सपाट, टणक जागी उभी करा. वाडीतल्या भुसभुशीत वाळूवर नको. गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पिकअपची उंची इतकी असते की जॅक न लावता खाली सरकता येतं, आणि तसंच करावं. एक तर चारही चाकं एका पातळीवर असल्याशिवाय ऑईलची पातळी बरोबर येत नाही. दुसरं म्हणजे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. गाडी उचलावीच लागली तर घोडीवर टेकवल्याशिवाय खाली जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की आधी वरचा फिलर प्लग उघडा, खालचा ड्रेन प्लग नंतर. उलट केलं आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर हौसिंग रिकामं झालेलं असेल, ऑईल भरायला वाट नसेल आणि गाडी गॅरेजपर्यंत नेताही येणार नाही. किनाऱ्याच्या गाड्यांबाबत हा धोका खरा आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी दोन्ही प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. प्लग तरीही हलला नाही तर पान्याला पाइप घालून जोर करू नका. कडा सोलवटल्या तर वेल्डिंगवाल्याकडे जावं लागतं. तिथेच थांबा आणि मेस्त्रीकडे न्या.

काही हौसिंगला ड्रेन प्लग नसतोच, मागचं झाकण उघडावं लागतं. त्याला नवं गॅस्केट किंवा सिलंट लागतं आणि पृष्ठभाग नीट घासावा लागतो. सवय नसेल तर हे काम घरी नको.

ऑईल वीसेक मिनिटं निथळू द्या. तेवढ्यात प्लग पाहा. बहुतेक प्लगला चुंबक असतो. त्यावर चिकटलेला राखाडी, मऊ लगदा ही नेहमीची झीज आहे, पुसून टाका. बोटाला टोचतील असे कण, पत्र्याचा तुकडा किंवा दाताची कपची दिसली तर नवं ऑईल भरण्याआधी मेस्त्रीला दाखवा. गॅरेजमध्येही हा प्लग स्वतः मागून पाहावा, कारण हौसिंग न उघडता आतली झीज इतकी स्पष्ट सांगणारी दुसरी खूण नाही. पाणी गेलेलं असेल तर एकदा बदलून भागत नाही. नवं ऑईल भरून थोडे दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बदला, म्हणजे दुप्पट खर्च धरा. त्याबरोबर ब्रीदर आणि सील तपासून घ्या, नाही तर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

ड्रेन प्लग नवा वायसर घालून बसवा आणि पंपाने ऑईल भरा. फिलरच्या भोकातून ऑईल बारीक धारेने परत येऊ लागलं की पातळी झाली. थोडं थांबून पुन्हा पाहा आणि प्लग लावा. ‘थोडं जास्त घालू’ असं नको. जादा ऑईल तापल्यावर सीलमधून निघतं, एक्सलच्या टोकाने ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक शूजवर पसरतं. भरलेली गाडी वाघोबा खिंडीतून उतरत असताना ब्रेक धरला नाही तर काय होईल, ते सांगायला नको. शेवटी पाच किलोमीटर फिरवून आणा आणि दोन्ही प्लगखाली कोरडा कागद लावून गळती तपासा. खाली आहातच तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसही मारून घ्या. तारीख आणि किलोमीटर हौद्याच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

जुन्या ऑईलचं काय?

वापरलेलं ऑईल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. केळवे-माहीमच्या वाड्यांमध्ये जमीन वाळूची, विहिरींचं पाणी वर, आणि त्याच पाण्यावर पानवेली आणि घरची चूल दोन्ही चालतात. दोन लिटर ऑईल कुंपणाशी ओतलं तर ते झिरपून कुठे जाणार हे इथल्या माणसाला सांगायला नको. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध इथले मच्छीमार हरित लवादापर्यंत गेले. आपल्या अंगणातल्या घाणीला वेगळा न्याय लावता येणार नाही. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून हे ऑईल फासण्याची आणि चुलीत सरपणावर टाकण्याची जुनी सवयही सोडा. त्याचा धूर विषारी असतो.

ज्या डब्यांतून नवं ऑईल आलं त्याच डब्यांत जुनं भरा, घट्ट झाकण लावा, आणि पालघर-बोईसरला जाणं होईल तेव्हा जे सर्व्हिस सेंटर अधिकृत संकलकाला ऑईल देतं तिथे नेऊन द्या. कुणाला देतात ते विचारा. रिकामे डबे भंगारात देण्याआधी लेबल फाडा आणि बुडाला भोक पाडा, म्हणजे त्यात बनावट ऑईल भरून कुणी तुमच्याच गावात विकणार नाही.